लाकडाच्या अकरा पट

ओतशाळेत त्याला सगळे अंदाजे म्हणत, आणि त्या माणसाला कुठल्या शब्दाचा राग असेल तर तो नेमका याच शब्दाचा. "अंदाजे काय? वजन आहे ते," असं म्हणून तो नाक असं फुगवायचा की समोरच्याला पुन्हा एकदा चिडवून बघावंसं वाटे. नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन आलेल्या कामगारांना ते त्याचं आडनाव वाटायचं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. जी वस्तू लोखंडात ओतायची तिचा लाकडी नमुना आधी सुतार घडवतो. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून बाहेर काढला की त्याच्या आकाराचा खड्डा राहतो, आणि त्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओततात. आता लोखंड वितळवायचं किती? कमी पडलं तर वस्तू अर्धवट राहून भंगारात जाते, कारण खालचं थिजल्यावर वरून ओतलेलं त्याला धरत नाही. जास्त झालं तर कोळसा फुकट गेला. म्हणून अंदाजे तो पॅटर्न काट्यावर ठेवायचा, लाकूड कुठलं ते बघायचा आणि वजनाला गुणायचा. सागाचा असेल तर अकरा पट, देवदाराचा चौदा, चिडाचा सोळा. लाकूड जुनं आणि खडखडीत वाळलेलं असेल तर अर्धी पट वर. ओतताना थोडंफार वाया जातं त्यासाठी दहावा हिस्सा धरायचा आणि भट्टीवाल्याला आकडा सांगायचा. सगळा जन्म त्याने हेच केलं आणि भट्टी कधी उपाशी राहिली नाही की ओकली नाही.

घरीही तेच. भाजीची जुडी हातात घेतली की वजन सांगायचा आणि भाजीवालीशी वाद घालायचा. त्याची बायको म्हणायची, "मला बघायला आले होते तेव्हा मान वर करून पाहिलं नाही, पण मनात माझं वजन करून गेले असणार." त्यावर तो गंभीरपणे म्हणे, "केलं होतं. आता चुकलंय." बायको हसायची. तोही हसायचा, पण भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही इतपतच.

त्याच्या गुणाकारात एकच ग्यानबाची मेख होती. पॅटर्न भरीव हवा. मोठे पॅटर्न सुतार कधी कधी पेटीसारखे पोकळ बांधतात. लाकूड कमी लागतं आणि वाकत नाही. अशा पॅटर्नचं वजन करून काही उपयोग नाही, तिथे मोजपट्टी लावून हिशेब करावा लागतो. वर रंग चढला की आत काय आहे हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून शिरस्ता असा की पॅटर्न हातात देताना सुताराने तोंडाने सांगायचं, भरीव की पोकळ. घेणाऱ्याने मान हलवायची. बोटाने वाजवून बघायचं नाही. मडकं वाजवून घेतात, कारण कुंभार आपला ओळखीचा नसतो. ओतशाळेत पॅटर्न वाजवणं म्हणजे सुताराला तोंडावर खोटारडा म्हणणं. यावरून तिथे पूर्वी हातघाई झालेली होती.

आणि सुतार कोण? तर अंदाजेचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याच्याशी तो नऊ वर्षं बोलला नव्हता.

त्याची गोष्ट अशी. आई गेली तेव्हा धाकटा लांबच्या एका कारखान्यात पॅटर्न बसवायला गेला होता. निरोप धाडला होता. माणसं जमली, ऊन कलायला लागलं, जो तो विचारायला लागला, थांबायचं का? अंदाजेने मनातल्या मनात रस्त्याचं, गाडीचं आणि वेळेचं गणित केलं आणि म्हणाला, तो उद्या सकाळशिवाय पोचत नाही. आईला नेलं. सगळं उरकून तो परत येऊन बसला, हातपायही धुतले नव्हते, आणि धाकटा दारात उभा. पाठीवर पिशवी, अंगभर धूळ. कुणाच्या तरी मालगाडीवर बसून आला होता. त्याने एवढंच विचारलं, "थांबला का नाहीस?" अंदाजे म्हणाला, "तू पोचशील असं वाटलं नाही." तेवढ्यावर बोलणं संपलं ते संपलंच. थोरल्याने चुकलो म्हणायला हवं होतं. पण ज्याचं गणित चुकत नाही म्हणून लोक त्याला ओळखतात, त्याला चुकलो म्हणायची सवय कुठून असणार?

घर एकच राहिलं, मधे फळ्यांची भिंत आली. दोघी जावांचं मात्र गूळपीठ. त्या एकाच ओट्यावर बसून निवडटिपण करत आणि नवऱ्यांच्या हट्टाला हसत. धाकटा वहिनीशी बोलायचा, थोरला धाकटीची चौकशी करायचा. फक्त भाऊ भावाशी नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, यांचा तर सुंभही शाबूत होता.

कामावर अडायला हवं होतं, पण तिथे म्हातारा मिस्त्री होता. पॅटर्न देताना तो दोघांच्या मधे उभा राहायचा. दोघांमधे हातभर अंतर, तरी धाकटा मिस्त्रीला सांगायचा, "भरीव." मिस्त्री तोंड फिरवून म्हणायचा, "धाकटा म्हणतो भरीव." थोरला म्हणायचा, "ऐकलं." मिस्त्री पुन्हा तोंड फिरवून म्हणायचा, "थोरला म्हणतो ऐकलं." सगळी ओतशाळा हा तमाशा बघून पोट धरून हसायची. मग म्हाताऱ्याची नजर गेली आणि तो लेकीकडे राहायला गेला. त्या दिवसानंतर हसायचं कुणाला सुचलं नाही, कारण कामच आटलं होतं.

भट्टी महिन्यातून एकदा, तीही जुन्याच पॅटर्नवर, पेटायला लागली. मालकीणबाईंनी नवऱ्यामागे ओतशाळा ओढून धरली होती, पण आता त्यांच्याही हाताबाहेर चाललं होतं. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना वाळूच्या अंगणात बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी तर फारच हळू बोलल्या.

"एका मोठ्या कारखान्याला यांत्रिक घणाची ऐरण हवीये. ही नीट उतरली तर पुढची सगळी ओतकामं ते आपल्याला देणार आहेत. आपल्याकडे कोळसा एका ओतीपुरता आहे. ऐरण उतरली तर भट्टी राहील. नाही उतरली तर मी कुलूप लावणार. तुमच्यापासून काय लपवायचं?"

प्रत्येकाच्या घरी चूल होती, आणि दुसरी ओतशाळा त्या गावात नव्हती.

धाकट्याने पॅटर्न घडवायला घेतला. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली अशी ती ऐरण होती. भरीव करायला पुरेसा साग शिल्लक नव्हता, म्हणून त्याने आतून पोकळ बांधली. हे त्याने ओट्यावर वहिनीला सांगितलं, कारण मिस्त्री नव्हता. वहिनीने रात्री जेवताना विषय काढला.

"अहो, भावोजी सांगत होते, ते ऐरणीचं—"

"त्याचं नाव माझ्या ताटाशी काढायचं नाही."

"अहो, पण निरोप आहे. तुम्हाला सांगा म्हणाले."

"त्याला सांगायचं असेल तर देवाने त्यालाही तोंड दिलंय. तुझी ही समेटाची खटपट बंद कर." हे त्याने मोठ्याने म्हटलं. पाणी पिऊन उठला, ताटात अर्धं जेवण तसंच.

त्या बाईने नऊ वर्षांत समेटाच्या इतक्या खटपटी केल्या होत्या की ही एक तशी नव्हती हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि तिला ओतशाळेतलं ओ की ठो कळत नव्हतं. असेल काही नेहमीचं, बोलतील कामावर, असं म्हणून तिने भांडी आवरली.

पॅटर्न सुतारशाळेच्या दाराबाहेर ठेवलेला सापडला. तांबडा रंग दिलेला, कोपरे गुळगुळीत. तोंडाने सांगणारं कुणी नाही. दोन कामगारांनी तो उचलून आणला आणि काट्यावर चढवताना अंदाजेने एका बाजूने हात दिला.

हाताला ते कळलं. इतकी वर्षं लाकूड उचललेला हात तो, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. एवढा साग दोघांनी असा उचलायचा नसतो. काट्याने सत्तर किलो दाखवले. अंदाजे तसाच उभा राहिला. अंगणापलीकडच्या खिडकीत धाकटा रंधा मारत होता आणि रंधा मारता मारता इकडे बघत होता. अंदाजेने बोट वाकवलं. एक टिचकी मारली की झालं. पण टिचकी मारली तर तो बघेल. मोजपट्टी काढली तरी बघेल, आणि ते विचारण्यासारखंच झालं. पंचवीस पावलं चालून जाऊन विचारायचं तर त्याला जीभच नव्हती. पोकळ असता तर सांगितलं नसतं का, तो मनाशी म्हणाला. धाकटा कसाही असला तरी कामात लबाडी करणारा नाही. साग जुना आहे, वाळलाय. त्याने अर्धी पट वर धरली, दहावा हिस्सा मिळवला, आकडा सांगितला आणि वाकवलेलं बोट सरळ केलं.

साचेवाल्यांनी पॅटर्न वाळूत उलटा बसवला, वाळू ठोकली, पॅटर्न वर ओढून काढला. त्यातला एक म्हणाला, "दादा, हलका लागतोय हो." अंदाजे म्हणाला, "वाळलंय लाकूड." त्या आठवड्यात तो घरी कुणाशी धड बोलला नाही. भाजीचं वजनही केलं नाही. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. भीती होती, आणि ती सांगायची म्हणजे तिचं कारण सांगावं लागलं असतं.

ओतीचा दिवस उजाडला. भट्टीने दुपारी सूर धरला. मालकीणबाई पदर खोचून दाराशी उभ्या होत्या. पहिली लॅडल भरली, म्हणजे लोखंड वाहून न्यायची ती मोठी बादली, आणि साखळीवर झुलत साच्यावर आली. पांढरं लोखंड धारेने आत उतरायला लागलं. साच्याच्या वर एक उघडं भोक ठेवलेलं असतं. आतला खड्डा भरला की लोखंड त्या भोकातून वर डोकावतं, आणि ते डोकावलं की सगळ्यांनी श्वास सोडायचा. अंदाजे त्या भोकाकडे डोळे लावून बसला.

दुसरी लॅडल आली. भट्टीवाला ओरडला, "ही शेवटची. आकडा पुरा झाला."

तेव्हा धाकटा धावत आला. ओत चालू असताना तो कधी बाहेर यायचा नाही. तो वाळूतून पळत आला आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा भावाला हाक मारली.

"दादा, पोकळ आहे तो. थांब. पोकळ बांधलाय मी."

सगळ्या ओतशाळेने ऐकलं. पण धार सुरू होती, आणि सुरू झालेली धार मधेच थांबवली तर तिथेच शिवण पडते. थांबून उपयोग नव्हता आणि न थांबून उपयोग नव्हता. लॅडल रिकामी झाली. भोकातून काही डोकावलं नाही. अंदाजेने आत वाकून पाहिलं, भुवया करपल्या तरी वाकूनच राहिला. लाल तळं जवळजवळ वीतभर खाली थांबलं होतं.

"कोळशाची भुकटी टाका वर," तो ओरडला. "थिजू देऊ नका. जाड काम आहे, तासभर आत पातळ राहील. भट्टीत अजून घाला."

"घालू काय?" भट्टीवाला म्हणाला.

"मिळेल ते. मोड, तुकडे, काहीही."

मग जी पळापळ झाली ती बघवत नव्हती. फाटकाची बिजागरी उपटली. जुनी शेगडी फोडली. मालकीणबाईंनी स्वतः कचेरीतून लोखंडी पेपरवेट आणि दाराची कडी आणून दिली. धाकट्याने आपल्या कामाच्या बाकाचा भला मोठा शिकंजा घणाने फोडला, ज्याच्याशिवाय सुताराला एक फळी धरता येत नाही, आणि ते तुकडे छातीशी धरून आणले. सगळं भट्टीच्या तोंडात गेलं. लोखंड जमलं, पण खाली कोळसा संपत आला होता. भट्टीचा सूर उतरायला लागला. अंदाजेने लाकडं घातली, पेट्या घातल्या. ज्वाळा मोठी झाली, धग वाढली नाही.

"दादा," भट्टीवाला म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"फोड तोंड. येईल तेवढं येईल."

भट्टीवाल्याने तोंड फोडलं. लोखंड आलं ते पेजेसारखं जाड, काळपट, आणि पन्हळीतच गोळा होऊन बसलं. अंदाजे ते गजाने पुढे ढकलत राहिला. एखाद्या अडलेल्या गुराला ढकलावं तसं ढकलत राहिला. साच्यात एक थेंब गेला नाही. शेवटी कुणीतरी त्याच्या हातातून गज काढून घेतला, आणि तो वाळूत खाली बसून ढसाढसा रडला. इतक्या माणसांसमोर रडायची त्याला लाज वाटायला हवी होती, पण तेवढी शुद्ध राहिली नव्हती.

मालकीणबाई जवळ आल्या. "कुणाची चूक?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, माणूस दारात उभ्या असलेल्याला नाव विचारतो तसं.

"माझी," धाकटा म्हणाला. "पोकळ आहे हे मी दादाला सांगितलं नाही."

अंदाजेने मान वर केली. आता गप्प बसलं तर ही गोष्ट धाकट्याच्या नावावर जाणार होती आणि कुणाला कधी कळलं नसतं. तो म्हणाला, "खोटं बोलतोय तो. निरोप धाडला होता त्याने. मी ऐकून घेतला नाही."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "मला आता ते कळून काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "भट्टी उतरवा."

भट्टी उतरवली. बुडाचं दार पाडलं, निखारे आणि राख भसकन खाली आले, त्यावर पाणी मारलं. माणसं एक एक करून निघाली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना साचेवाला डबा काखेत मारून दोघांसमोर क्षणभर थांबला आणि निघून गेला.

साचा अजून तापलेला होता. त्याच्या एका बाजूला अंदाजे बसला होता. धाकटा आला आणि दुसऱ्या बाजूला बसला.

"तुझी वहिनी सांगत होती रे," अंदाजे म्हणाला. "मी तिला बोलू दिलं नाही."

"माहितीये."

"तिने सांगितलं?"

"नाही. फळ्यांतून ऐकू आलं. तू केवढ्याने ओरडलास."

अंदाजे त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुला त्याच रात्री कळलं होतं? मला ठाऊक नाही हे?"

धाकट्याने मान हलवली. त्याचे हात शिकंजा फोडताना रक्ताळले होते, ते तो वाळूत घासत होता.

"आठवडाभर?"

"रोज वाट बघत होतो. तू येऊन विचारशील म्हणून. एकदा तरी येशील. तू काट्यापाशी उभा राहिलास ना, तेव्हा मला वाटलं, आला. रंधा खाली ठेवला होता मी."

"आणि नाही आलो तर? सांगायचं नाही?"

"मला वाटलं, नाही आलास तरी मागाहून मोजपट्टीने मोजलं असशील. आज दुसरी लॅडल बघितली तेव्हा कळलं." धाकट्याचा आवाज फुटला. "तू उचललास की रे तो. दोघांत उचललात. तुझ्या हाताला कळेल असं वाटलं मला, दादा."

अंदाजेने आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला.

"कळलं होतं," तो म्हणाला.